न पाहिलेल्या माहेराचा पाऊस

अलिबागला ऑक्टोबर म्हणजे भातकापणीचे दिवस. पीक पिवळं होऊन वाकलेलं असतं, वर्षभराच्या पोटाचा प्रश्न शेतात उभा असतो, आणि जो तो आभाळाकडे बघून एकच म्हणतो, आता पुरे कर बाबा, आता पडू नकोस. परतीच्या पावसाची एक सर आली तरी काळजात धस्स होतं. नेमक्या त्याच दिवसांत इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, पावसाची प्रार्थना सुरू होते. ‘वारा वाहवणारा आणि पाऊस पाडणारा’ ही देवाची स्तुती ज्यूंच्या शरद ऋतूतल्या सणापासून रोजच्या प्रार्थनेत येते आणि थेट मार्च-एप्रिलमधल्या वल्हांडणाच्या सणापर्यंत राहते. मृग लागतो तेव्हा ती केव्हाच थांबलेली असते.

लहानपणी मला हे फार चमत्कारिक वाटायचं. आमच्या शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब होतं. त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना सगळी आळी मावशी म्हणायची. एकदा दिवाळीच्या तोंडावर पाऊस कोसळला, आमचं खळ्यावरचं भात भिजलं, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, “मावशी, तुम्ही आत्ता कशाला पाऊस मागता?” त्या म्हणाल्या, “अगं, तो इथला पाऊस नाही. तो तिकडचा.” तिकडचा म्हणजे कुठला, हे त्यांनी नुसत्या हाताने दाखवलं. हात समुद्राकडे होता. मावशी तोवर तिकडे कधीही गेलेल्या नव्हत्या. त्यांची आई गेली नव्हती, आजी गेली नव्हती, पणजीही नव्हती.

ज्यू लोकांच्या पूर्वजभूमीच्या ओढीबद्दल आज जे कानावर येतं ते बहुतेक राजकारणाचं असतं. ते महत्त्वाचं आहेच, त्याकडे पुढे येते. पण ही ओढ मुळात काय चीज आहे हे समजून घ्यायचं तर सुरुवात या पावसापासून करावी असं मला मनापासून वाटतं. कारण एखाद्या जागेची आठवण दोन हजार वर्षं नुसत्या भावनेच्या बळावर तग धरत नाही. भावना दोन-तीन पिढ्यांत विरून जाते. टिकतो तो परिपाठ. रोज तीनदा, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या दिशेला तोंड करून म्हटलेली गोष्ट टिकते.

तिकडचा पाऊस

त्या भूमीत, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनमध्ये, पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या सरी, मार्च-एप्रिलमध्ये शेवटच्या, आणि मधला उन्हाळा ठणठणीत कोरडा. हिब्रूत पहिल्या पावसाला ‘योरे’ म्हणतात, शेवटच्याला ‘मल्कोश’, जसं आपल्याकडे शेतकरी मृग आणि हस्त म्हणतो. इजिप्तला नाईल होती, बाबिलोनला युफ्रेटिस आणि टायग्रिस. इथे जॉर्डन आहे, पण ती खोल दरीतून वाहते. डोंगरउतारावरच्या शेताला तिचा काय उपयोग? सगळी भिस्त आभाळावर.

ही साधी भूगोलातली गोष्ट ज्यू धर्माच्या गाभ्यात जाऊन बसली आहे. बायबलच्या ‘अनुवाद’ या ग्रंथात मोशे आपल्या लोकांना सांगतो, की इजिप्तमध्ये तुम्ही पायाने पाणी खेळवून मळे शिंपत होता, ही भूमी तशी नव्हे. ही आकाशातल्या पावसाचं पाणी पिते आणि देवाचं हिच्याकडे वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत लक्ष असतं. तुम्ही नीट वागलात तर योरे आणि मल्कोश वेळेवर येतील. नाही वागलात तर आभाळ बंद, आणि तुम्ही या भूमीतून नाहीसे व्हाल. म्हणजे ही भूमी सातबारावर नाव चढलं की आपली झाली, अशी नव्हती. ती कराराने मिळाली होती आणि करार मोडला तर जाणार होती. पुढे ती खरोखर सुटली, तेव्हा ज्यूंनी त्याचा दोष जिंकणाऱ्यांच्या बळावर टाकला नाही. ‘आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या भूमीतून हद्दपार झालो’ असं ते सणासुदीच्या प्रार्थनेत स्वतःच म्हणतात. हे कबूल करण्यातच आशाही दडलेली होती. चूक आपली असेल तर सुधारणंही आपल्या हातात, आणि सुधारलो तर परतीची वाट आहे.

पावसाबद्दलची आणखी एक बारीकशी तरतूद सांगते. तीच मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त हलवून जाते. प्रार्थनेत पावसाची स्तुती करणं वेगळं आणि ‘पाऊस दे’ असं स्पष्ट मागणं वेगळं. स्तुती शरद ऋतूतल्या सणाच्या शेवटच्या दिवशी सुरू होते, पण त्या भूमीत प्रत्यक्ष मागणं सुरू करायला पंधरा दिवस थांबतात. का? जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा सणाला लांबलांबून यात्रेकरू यायचे. सगळ्यांत दूरचे युफ्रेटिसच्या काठचे. सण संपल्यावर त्यांना पायी घर गाठायला पंधरा दिवस लागत. तेवढ्यात पाऊस मागितला आणि तो आला, तर शेवटचा यात्रेकरू वाटेत भिजेल, चिखलात अडकेल. म्हणून थांबायचं. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात हे लिहून ठेवलेलं आहे. तेव्हा मंदिर पडून शंभरावर वर्षं झाली होती. यात्रा नव्हती, यात्रेकरू नव्हता. तरी थांबायचं असं ठरलं, आणि आजही थांबतात.

आपल्याकडे आषाढीची वारी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. वारकरी पंढरीला माहेर म्हणतो. ज्यूंचं जेरुसलेम हे तसं माहेर आहे, फक्त पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिलेलं नाही असं.

माहेर सुटलं कसं

इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम जिंकलं, सॉलोमनने बांधलेलं मंदिर जाळलं आणि अनेकांना बंदी करून बाबिलोनला नेलं. त्या बंदिवानांचं एक स्तोत्र बायबलमध्ये आहे, १३७ क्रमांकाचं. नदीकाठी ते बसले आहेत, तंतुवाद्यं झाडांना टांगून ठेवली आहेत, आणि पकडून आणणारे म्हणताहेत, तुमच्या सियोनचं एखादं गाणं म्हणा की. (सियोन म्हणजे जेरुसलेमच.) ‘परक्या मुलखात परमेश्वराचं गाणं आम्ही कसं गावं?’ असं ते विचारतात. मग येते ती शपथ: जेरुसलेम, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो, माझी जीभ टाळूला चिकटून बसो. उजवा हात वाद्य वाजवणारा आणि जीभ गाणारी. विसरलो तर गाणंच बंद होवो, असं ते स्वतःला बजावत होते.

तो वनवास मात्र पन्नासेक वर्षांचाच ठरला. पर्शियाच्या सायरसने परत जायची मुभा दिली, मंदिर पुन्हा उभं राहिलं. गंमत म्हणजे तेव्हाही सगळे परतले नाहीत. पुष्कळजण बाबिलोनलाच राहिले, तिथे भरभराटले. खरा घाव पुढचा. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने दुसरं मंदिरही उद्ध्वस्त केलं. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली शेवटचा मोठा उठाव झाला, तोही चिरडला गेला. सम्राट हेड्रियनने जेरुसलेमचं नाव बदललं, प्रांताचं ‘जुदेआ’ हे नाव पुसून ‘सिरिया पॅलेस्टिना’ केलं आणि ज्यूंना त्या शहरात पाऊल ठेवायला बंदी घातली. थोडेफार ज्यू गॅलिलीत आणि इतरत्र राहिले, ती वस्ती कधीच पूर्ण तुटली नाही. पण बहुसंख्यांसाठी आता ‘गालुत’ सुरू झाला, म्हणजे परागंदा जिणं.

मंदिराचा धर्म मंदिराशिवाय चालवायचा कसा? यज्ञबली तिथेच, पुरोहित तिथलेच. शिवाय शेताचा दशमांश, दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवणं असे कितीतरी नियम त्या भूमीतच पाळायचे. याव्ने गावी जमलेल्या पंडितांनी, त्यांत योहानान बेन झक्काई प्रमुख, एक मोठं काम केलं. यज्ञाच्या वेळा होत्या त्या प्रार्थनेच्या वेळा झाल्या. पुरोहिताची जागा अभ्यासकाने घेतली, वेदीची जागा घरच्या जेवणाच्या पाटाने. हा धर्म आता कुठेही नेता येईल असा झाला. आणि तो कुठेही नेला तरी जेरुसलेम विसरता येणार नाही, याची तजवीजही त्यातच केली गेली.

ती तजवीज रोजच्या जगण्यात कुठेकुठे आहे ते पाहण्यासारखं आहे. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून. युरोपातला ज्यू पूर्वेकडे वळायचा, आमच्या कोकणातला मावळतीकडे, समुद्राकडे. मावशींचा हात त्या दिवशी उगाच तिकडे गेला नव्हता. जेवण झाल्यावर जे आभार मानायचे त्यात भाकरीबरोबर त्या भूमीचे आणि जेरुसलेमचेही आभार. लग्नात सगळे आनंदात असताना नवरा मुलगा पायाखाली काचेचा पेला फोडतो, मंदिराची आठवण म्हणून. नवं घर बांधलं की दारासमोरच्या भिंतीचा हातभर चौकोन गिलावा न करता तसाच सोडायचा. मातीला आलेल्यांनी घरच्यांचं सांत्वन करताना म्हणायचं, की सियोन आणि जेरुसलेमसाठी शोक करणाऱ्या सगळ्यांबरोबर देव तुमचंही सांत्वन करो. आणि दूरदेशी कोणी वारलं तर जमल्यास त्या भूमीची चिमूटभर माती त्याच्याबरोबर पुरायची. वल्हांडणाच्या रात्रीचं जेवण संपतं ते ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ या शब्दांनी. प्राग, बगदाद, कोचीन, पनवेल, सगळीकडे हेच शब्द.

सर्वांत गडद दिवस ज्यू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीचा. आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपास तो येतो. दोन्ही मंदिरं याच तिथीला पडली अशी श्रद्धा आहे. संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत कडक उपवास, पाणीसुद्धा नाही. जमिनीवर बसून, मंद उजेडात ‘विलापगीत’ वाचतात. ‘माणसांनी गजबजलेली नगरी कशी एकटी बसली आहे, विधवेसारखी झाली आहे,’ अशी त्याची सुरुवात.

आणि आता आमच्या रायगडातली गोष्ट. बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. राहत्या गावावरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर झाले. ग्रंथ हरवले, हिब्रू हरवली, उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, शनिवार, सुंता, खाण्याचे काही नियम. या लोकांत नवमीच्या उपवासाला नाव होतं बिरड्याचा रोजा. उपवास सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर. हा उपवास त्यांच्यात अगदी जुन्या काळापासून होता की नंतर पुन्हा शिकवला गेला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मला त्या नावातच सगळं दिसतं. वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलून काढायचा, ही आमच्या घराघरातली श्रावणातली कामं. तिकडे रोमनांनी जाळलेल्या मंदिराचा शोक इकडे डाळिंब्यांच्या वाटीत येऊन बसला होता.

एवढी ओढ, मग गेले का नाहीत?

हा प्रश्न कोणालाही पडेल आणि तो रास्त आहे. पहिलं उत्तर सरळ आहे: जाणं सोपं नव्हतं. रोमन, बायझंटाइन, अरब, क्रुसेडर, मामलुक, ऑटोमन, राज्यं बदलत राहिली, प्रवास जिवावरचा, तिथे पोहोचून खायचं काय हाही सवाल. तरी लोक जात होते. स्पेनचा थोर हिब्रू कवी यहुदा हलेवी याला घरी काही कमी नव्हतं. वैद्यकी होती, मान होता. पण त्याने लिहिलं, की माझं हृदय पूर्वेला आणि मी पश्चिमेच्या पार टोकाला, मग अन्नाला चव कुठून लागावी? उतारवयात, ११४० मध्ये तो खरंच निघाला. कैरोच्या एका सिनेगॉगच्या अडगळीत जी हजारो जुनी कागदपत्रं सापडली, त्यांत त्याच्याबद्दलची पत्रं आहेत. मे ११४१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या बंदरात तो जहाजात बसून होता आणि पश्चिमेचा वारा सुटायची वाट पाहत होता. पुढे त्याच वर्षी तो वारला. जेरुसलेमच्या वेशीवर घोड्याच्या टापांखाली आला ही दंतकथा. तो पोहोचला की नाही हे कागद सांगत नाहीत. १२६७ मध्ये स्पेनमधलाच पंडित नाहमनिदेस म्हातारपणी जेरुसलेमला पोहोचला. मुलाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की शहर उजाड आहे, ज्यू फक्त दोन, सख्खे भाऊ, रंगारी. त्यांच्याच घरी दहा माणसं जमवून प्रार्थना व्हायची.

दुसरं उत्तर धर्मातलं आहे. परत नेणारा देव, त्याने पाठवलेला मशीहा, म्हणजे तारणहार. माणसाने घाई करायची नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात एक वचन आहे, की देवाने इस्रायल लोकांकडून शपथ घेतली आहे, भिंतीसारखं एकगठ्ठा चढून जायचं नाही. पुष्कळ धर्मगुरूंनी ही शपथ अक्षरशः पाळली, आणि काही कर्मठ पंथ आजही याच कारणाने इस्रायलच्या राज्याला मान्यता देत नाहीत. वाट पाहणं हीच भक्ती, असं त्यांचं म्हणणं.

वाट पाहणं म्हणजे काय, ते १६६५-६६ च्या एका प्रसंगात दिसतं. तुर्कस्तानातल्या इझमीरच्या शब्बताई झ्वी याने आपण मशीहा असल्याचं जाहीर केलं आणि येमेनपासून हॉलंडपर्यंत ज्यू जग ढवळून निघालं. लोकांनी घरंदारं विकली. हॅम्बुर्गच्या ग्लिकल नावाच्या व्यापारी घराण्यातल्या बाईने आपल्या आठवणीत लिहिलंय, की तिच्या सासऱ्यांनी आपलं घर सोडलं आणि तिच्याकडे दोन मोठी पिंपं पाठवली. त्यांत कपडालत्ता, वाटाणे, कडधान्यं, वाळवलेलं मांस, सुकवलेली फळं, लांबच्या प्रवासात टिकेल असं सगळं. निरोप आला की लगेच बंदरावर जायचं. पिंपं वर्षभराहून अधिक तिच्या घरात उभी होती. शेवटी सासू-सासऱ्यांचं पत्र आलं, की खाण्याचे जिन्नस काढून घ्या, नाहीतर कुजतील आणि कपडे खराब होतील. तोवर शब्बताई झ्वीने सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला होता. म्हातारा तरी कपड्यांची बांधाबांध सोडायला तयार नव्हता. कोण जाणे, कधी निघावं लागेल. मला त्या सासऱ्याचं हसू येत नाही. प्रवासाची तयारी करून बसलेला माणूस आपल्याही घराघरात असतो.

इथिओपियात तर ही ओढ डोंगर चढून जायची. तिथले ज्यू बाकीच्यांपासून शतकानुशतकं तुटलेले. सिग्द नावाचा त्यांचा सण, योम किप्पूर या मोठ्या उपवासानंतर पन्नासाव्या दिवशी. सगळे उपाशीपोटी डोंगरावर चढायचे, जेरुसलेमच्या दिशेला नमस्कार घालून परत न्यायची विनवणी करायचे. करकोच्यांचे थवे उत्तरेकडे निघाले की पोरं खालून ओरडायची, करकोच्या, करकोच्या, आमचं जेरुसलेम कसं आहे? १९८० च्या दशकात यातले हजारो लोक खरोखर पायी निघाले, सुदानच्या छावण्यांपर्यंत. सुमारे चार हजार वाटेत आणि छावण्यांत दगावले. १९९१ मध्ये अवघ्या दीड दिवसात चौदा हजारांहून अधिक जणांना विमानांनी इस्रायलला नेलं. हिब्रूत त्या भूमीकडे जाण्याला ‘अलिया’ म्हणतात, म्हणजे चढण. तिथून निघून येणं म्हणजे ‘उतरणं’. भाषेतच चढ-उतार ठरलेला.

प्रार्थनेतून राजकारणात

एकोणिसाव्या शतकात युरोपात नवं वारं आलं. प्रत्येक लोकसमूह आपलं राष्ट्र मागू लागला. ज्यूंना नागरिकत्व मिळालं होतं, पण द्वेष सुटला नव्हता. रशियन साम्राज्यात दंगली, कत्तली होत होत्या. व्हिएन्नाचे पत्रकार थिओडोर हर्झल फारसे धार्मिक नव्हते. त्यांनी १८९६ मध्ये ज्यू राज्याची कल्पना मांडली आणि १८९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात पहिली झायोनिस्ट परिषद, म्हणजे सियोनला परतू पाहणाऱ्यांची परिषद, भरवली. देवाची वाट पाहायची नाही, आपणच जायचं, हे यात नवं होतं.

या चळवळीतला एक प्रसंग ओढीचं बळ दाखवतो. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव शहरात ज्यूंची कत्तल झाली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने पूर्व आफ्रिकेतली जमीन देऊ केली, ‘युगांडा योजना’ म्हणून ती ओळखली जाते. हर्झलना वाटलं, तात्पुरता आसरा म्हणून तरी घ्यावी. गणिताने पाहिलं तर रशियातल्या छळ सोसणाऱ्या ज्यूंनी ती झडप घालून घ्यायला हवी होती. उलट परिषदेत सर्वांत कडाडून विरोध केला तो रशियातल्याच प्रतिनिधींनी. ते सभागृहातून उठून गेले, काही ढसाढसा रडले. परिषद संपताना हर्झलनी उजवा हात वर करून तेच शब्द म्हटले: जेरुसलेम, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो. १९०५ मध्ये योजना फेटाळली गेली. नुसतं सुरक्षित छप्पर हवं असतं, तर असं झालं नसतं.

बाझलच्या पहिल्या परिषदेचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनाही आलं होतं. त्यांनी नम्रपणे नकार दिला. परत नेईल तर देवच, असं त्यांचं म्हणणं होतं. यात आणखी एक गोष्ट होती असं मला वाटतं: इथे त्यांना कोणी छळलं नव्हतं. ओढ होती, पण पाठीमागून कोणी हाकलत नव्हतं.

आता जो भाग सांगायला जड जातो, तो. ज्या भूमीची ही ओढ होती ती रिकामी नव्हती. एकोणिसाव्या शतकात तिथे बहुसंख्य अरब राहत होते, मुसलमान आणि ख्रिस्तीही. त्यांची शेतं, जैतुनाच्या बागा, पूर्वजांच्या कबरी तिथेच होत्या. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. ज्यूंच्या नेतृत्वाने तो स्वीकारला, अरबांनी नाकारला. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली, युद्ध पेटलं. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. त्यानंतरच्या वर्षांत अरब देशांतल्या लाखो ज्यूंना आपली जुनी घरं सोडावी लागली. कितीतरी पॅलेस्टिनी घरांत आजही १९४८ साली सुटलेल्या घराची किल्ली जपून ठेवलेली असते, घर उरलेलं नसलं तरी. ज्याला गिलावा न केलेला चौकोन समजतो त्याला ही किल्लीही समजायला हवी, असं मी मानते. ज्यूंची ओढ बनावट आहे, कालपरवा रचलेली आहे, असं म्हणणाऱ्याला इतिहास ठाऊक नाही. आणि ती ओढ खरी आहे म्हणून आज तिथे चाललेलं सगळंच बरोबर ठरतं, असंही नाही. ते प्रश्न वेगळे, ते न्यायाच्या कसोटीवरच सोडवावे लागतील.

सगळे ज्यू एका सुरात बोलतात असंही समजू नये. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या सुधारणावादी धर्मगुरूंनी पिट्सबर्गला जाहीरच केलं होतं, की आम्ही राष्ट्र नव्हे, धर्मसमाज आहोत, आणि आम्हाला पॅलेस्टाइनला परतायची अपेक्षा नाही. पुढे त्यांच्या वारसदारांनी ही भूमिका बदलली. आजही जगातल्या सुमारे दीड कोटी ज्यूंपैकी निम्म्याहून थोडे अधिक इस्रायलबाहेरच राहतात. पेला फोडतात, ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ म्हणतात, आणि सकाळी न्यूयॉर्कच्या आपल्या कामाला जातात. यात मला ढोंग दिसत नाही. दरवर्षी माहेरची आठवण काढणारी बाई सासर सोडून जातेच असं थोडंच आहे?

कोकणातले मात्र गेले. १९५१ च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्रायली होते. आज सगळे भारतीय ज्यू मिळून चार-पाच हजार उरले असतील. पोहोचल्यावर त्यांचं स्वागत काही फुलांच्या पायघड्यांनी झालं नाही. वाळवंटातल्या नव्या वस्त्या, अनोळखी भाषा, रंगावरून भेदभाव. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि त्यांतले काही खरंच परत आले. साठच्या दशकात तर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली, तुम्ही पुरते ज्यू आहात का, अशी. शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना हा प्रश्न! त्यांनी मोर्चे काढले, संप केले. अखेर १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं, की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत.

आज लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत त्यांची वस्ती आहे. तिथे क्रिकेट खेळतात, पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा करतात आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा. तिथून इकडे पाहुणे आले की त्या खडकाला हात लावल्याशिवाय जात नाहीत.

मावशीही गेल्या, मुलाकडे, अश्दोदला. त्यांच्या घराला कुलूप लागलं. वर्षातून एकदा त्यांचा माझ्या आईला फोन यायचा, बहुतेक जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तिकडे तेव्हा उन्हाळा सुरू झालेला असतो, आभाळ निळंशार, ऑक्टोबरपर्यंत थेंब पडायचा नाही. मी एकदा फोन उचलला. ख्यालीखुशालीच्या आधी त्यांनी विचारलं, “काय गं, तिकडे पाऊस लागला का?” मी म्हटलं, “कालच लागला, मावशी.” त्या म्हणाल्या, “जरा दाराशी जाऊन फोन बाहेर धर.” मी धरला. पागोळ्या वाजत होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.